पॅलेडियम, फॉर्मेट आणि आयनिक लिक्विड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, चिपळूण, महाडकडून एम.एस्सी.चा प्रकल्प करणारी मुलं आणि लोटे, रोहे इथल्या कारखान्यांतले केमिस्ट मला जे प्रश्न पाठवत असतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवले आहेत. उत्तरांतही प्रयोगशाळेत आपण बोलतो तेच शब्द आहेत. दर वेळी ‘कॅटॅलिस्ट’ला ‘उत्प्रेरक’ म्हणत बसलेलो नाही.

१. हायड्रोजनचं सिलिंडर नसताना हायड्रोजनेशन होतं कसं?

हायड्रोजनेशन म्हणजे रेणूला हायड्रोजन जोडणं. तो हायड्रोजन दुसऱ्या एखाद्या रेणूकडून काढून घ्यायचा; यालाच ट्रान्सफर हायड्रोजनेशन म्हणतात. फॉर्मिक अ‍ॅसिड, अमोनियम फॉर्मेट, सायक्लोहेक्सिन हे असे दाते आहेत. फॉर्मेट पॅलेडियम या धातूच्या कॅटॅलिस्टवर बसतं, त्यातला कार्बन डायऑक्साइड सुटून जातो आणि हायड्रोजन धातूवर मागे राहतो. शेजारी येऊन बसलेल्या दुहेरी बंधाला किंवा नायट्रो गटाला तो मिळतो. थोडा हायड्रोजन वायू म्हणूनही सुटतो, त्यातला काही पुन्हा धातूवर येऊन कामाला लागतो. म्हणजे दोन्ही वाटा एकाच वेळी चालू असतात.

कल्पना जुनी आहे. १९०३ साली क्नोव्हेनागेलच्या प्रयोगशाळेत डायहायड्रोटेरेफ्थॅलिक अ‍ॅसिडचं एस्टर पॅलेडियम ब्लॅकबरोबर (धातूच्या काळ्या पुडीबरोबर) ठेवलं, तेव्हा काही रेणूंनी हायड्रोजन गमावला आणि त्यांच्याच भावंडांनी तो उचलला. पुढे ही रिअ‍ॅक्शन बरीच वर्षं अडगळीत पडली. १९५०च्या दशकात ब्रॉड आणि लिन्स्टेड यांनी इंग्लंडमध्ये ती पुन्हा बाहेर काढली.

२. पॅलेडियमच का? निकेल स्वस्त आहे की.

स्वस्त आहे, पण फॉर्मेटकडून साध्या तापमानाला इतक्या सहज हायड्रोजन काढणं निकेलला जमत नाही. पॅलेडियमची आणि हायड्रोजनची जवळीक वेगळीच आहे: हा धातू स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे ९०० पट हायड्रोजन वायू पोटात घेऊ शकतो. शिवाय कीटोन, एस्टर, बेंझिन रिंग यांना तो सहसा हात लावत नाही (अपवाद प्रश्न १२ मध्ये). आयसोप्रोपॅनॉल हा दाता घेऊन कीटोनचं क्षपण करायचं (म्हणजे त्याला हायड्रोजन द्यायचा) असेल तर रुथेनियम या धातूकडे जावं लागतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ नोयोरींचं काम त्या घराण्यातलं. त्यांना २००१च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

३. आयनिक लिक्विड म्हणजे मीठच ना? मग ते पातळ कसं?

मीठच. आपलं मिठागरातलं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात, कारण त्यातले आयन लहान, गोल आणि एकमेकांना घट्ट धरून असतात. आयन मोठे आणि वेडेवाकडे घेतले की त्यांची रचना नीट लागत नाही आणि वितळणबिंदू खाली येतो. १०० अंशांच्या आत वितळणाऱ्या मिठाला आयनिक लिक्विड म्हणण्याचा प्रघात आहे. पॉल वाल्डेन यांनी १९१४ मध्ये इथाइलअमोनियम नायट्रेटची नोंद केली, ते १२ अंशांनाच वितळतं. हवेत आणि पाण्यात टिकणारी इमिडॅझोलियमची (नायट्रोजन असलेल्या पाच अणूंच्या रिंगच्या धन आयनाची) मिठं १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी दिली. आज प्रयोगशाळेत दिसणाऱ्या बहुतेक बाटल्या त्याच कुळातल्या.

४. हीच रिअ‍ॅक्शन मेथॅनॉलमध्ये तासाभरात होते. मग आयनिक लिक्विड कशाला?

हा प्रश्न विचारणाऱ्याला मी मनातल्या मनात पाच गुण जास्त देतो. खरं सांगायचं तर पुष्कळ वेळा गरज नसते. एकदाच करायची रिअ‍ॅक्शन, प्रॉडक्ट सहज गाळून मिळतंय, कॅटॅलिस्ट परत वापरायचं नाही; अशा वेळी मेथॅनॉल किंवा इथॅनॉल, अमोनियम फॉर्मेट आणि चारकोलवरचं पॅलेडियम घ्या आणि घरी जा.

आयनिक लिक्विडचा फायदा तीन ठिकाणी दिसतो. पहिला कॅटॅलिस्टचा. पॅलेडियम त्या द्रवात धरून राहतं; प्रॉडक्ट ईथर किंवा टोल्युइनने वरच्यावर काढून घ्यायचं आणि खालचा काळा थर पुढच्या खेपेला तसाच वापरायचा. दुसरा फायदा विरघळण्याचा. हायड्रोजन वायू आयनिक लिक्विडमध्ये फारच कमी विरघळतो, त्यात द्रव दाट, त्यामुळे हायड्रोजनचा फुगा लावून बसलं तर रिअ‍ॅक्शन रडतरखडत जाते. फॉर्मेट मात्र स्वतःच मीठ आहे, ते मिठात छान मिसळतं. म्हणून इथे ट्रान्सफर पद्धत वायूपेक्षा सोयीची पडते. तिसरा, या द्रवांना जवळजवळ बाष्पदाब नाही, त्यामुळे रिअ‍ॅक्शनच्या वेळी सॉल्व्हंटची वाफ नाही.

या तिसऱ्या फायद्यावर लोक प्रकल्पाची प्रस्तावना रचतात, पण प्रॉडक्ट काढायला तीन वेळा ईथर ओतला की वाफेचा हिशोब फिरतो. तुमचं खरं भांडवल पहिला मुद्दा आहे. कॅटॅलिस्ट पाच वेळा वापरून दाखवता आलं नाही तर आयनिक लिक्विडचा खर्च वाया गेला असं समजा.

५. बाजारात डझनभर नावं आहेत. कोणतं मागवू?

ब्युटाइलमिथाइलइमिडॅझोलियम हा धन आयन बहुतेकांना पुरतो. निवड करायची ती ऋण आयनाची.

टेट्राफ्लुओरोबोरेट पाण्यात मिसळतं, म्हणजे रिअ‍ॅक्शननंतर पाण्याने धुऊन क्षार काढता येत नाहीत. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट पाण्यात मिसळत नाही, धुणं सोपं. पण उष्णता, ओल आणि आम्ल या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते फुटतं आणि हायड्रोजन फ्लुओराइड तयार होतो. फॉर्मिक अ‍ॅसिड दाता घेणार असाल तर हे नकोच. फ्लास्कच्या आतल्या काचेवर धूसर डाग दिसले तर ‘काच जुनी झाली’ म्हणू नका, ती खाल्ली गेली आहे. हे द्रव तापवणाऱ्या प्रयोगशाळेत हायड्रोजन फ्लुओराइडने भाजलं तर लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवं.

बिस्-ट्रायफ्लिमाइडवालं टिकाऊ आहे, पाण्यात मिसळत नाही, बरंच पातळही असतं. महाग आहे. परवडत असेल तर मी तेच घेईन.

६. दाता कोणता घ्यावा?

घन आणि सोपा हवा तर अमोनियम फॉर्मेट. द्रव हवा तर फॉर्मिक अ‍ॅसिड आणि ट्रायइथाइलअमीन यांचं ५:२ मिश्रण. ते स्वतःच आयनिक लिक्विडसारखं वागतं. सोडियम फॉर्मेट स्वस्त, पण थोडं पाणी घातल्याशिवाय नीट विरघळत नाही. सायक्लोहेक्सिन आणि सायक्लोहेक्साडाइन हायड्रोजन देऊन झाल्यावर बेंझिन होतात आणि बेंझिन कर्करोगकारक आहे. पदवीच्या मुलांच्या हातात ते देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हायड्रॅझिनचं तर नावच नको.

७. प्रमाणाचा हिशोब एकदा उदाहरण देऊन सांगाल का?

दालचिनीशी नातं सांगणारं सिनॅमिक अ‍ॅसिड घेऊ. परसात दालचिनीचं झाड असलेल्या मुलांना ते पटकन आपलं वाटतं, आणि वितळणबिंदूवरून काम झालं की नाही ते कळतं: सिनॅमिक अ‍ॅसिड १३३ अंशांना वितळतं, क्षपण होऊन मिळणारं हायड्रोसिनॅमिक अ‍ॅसिड ४८ च्या आसपास.

१० मिलिमोल म्हणजे १.४८ ग्रॅम सिनॅमिक अ‍ॅसिड. दुहेरी बंध एक, म्हणून दाता किमान १० मिलिमोल लागेल. काही फॉर्मेट नुसतंच फुटून वाया जातं, म्हणून तिप्पट घ्या. अमोनियम फॉर्मेटचा रेणुभार ६३, म्हणजे १.८९ ग्रॅम. १० टक्क्यांचं चारकोलवरचं पॅलेडियम १०० मिलिग्रॅम घेतलं तर त्यात धातू १० मिलिग्रॅम, म्हणजे जवळपास १ मोल टक्का. इथे दरवर्षी एक चूक होते: बाटलीवर ‘५० टक्के पाणी’ लिहिलेलं असतं आणि मुलं ते वाचतच नाहीत. ओलं कॅटॅलिस्ट असेल तर वजन दुप्पट.

शेवटी आम्ल घालायला विसरू नका. प्रॉडक्ट अमोनियम मीठ म्हणून खालच्या थरात बसलेलं असतं, ईथरने कितीही हलवलंत तरी वर येणार नाही.

८. जुलैत आमच्या अमोनियम फॉर्मेटचं पाणी होतं. ते चालेल का?

चालतं, पण वजन खोटं ठरतं. तुम्ही दोन ग्रॅम घेता, त्यात मीठ किती आणि पावसाची हवा किती, कुणास ठाऊक. आपल्याकडे आगोटीचं सामान मे महिन्यातच डब्यात बंद होतं. सुकट-बोंबलाइतकीच काळजी या बाटलीचीही घ्या. झाकणाला पॅराफिल्म, बाटली डेसिकेटरमध्ये, आणि मोठ्या बाटलीऐवजी लहान चार. आयनिक लिक्विडही हवेतलं पाणी ओढतं. न मिसळणारं असलं तरी ओढतं. वापरण्याआधी व्हॅक्यूमखाली ६०–७० अंशांना काही तास ठेवून कोरडं करा. थोड्या पाण्याने ही रिअ‍ॅक्शन अडत नाही, उलट कधी कधी वेगाने जाते. धोका आहे तो प्रश्न ५ मध्ये सांगितलेल्या हेक्साफ्लुओरोफॉस्फेटला.

९. कंडेन्सरमध्ये पांढरं काहीतरी साचतं. ते काय? आणि फ्लास्कला बूच लावलं तर वाफ वाचेल का?

बूच लावू नका, हे आधी. मग बाकीचं.

पांढरं साचतं ते मुख्यतः अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड वर जाऊन पुन्हा एकत्र येतात त्याचं, म्हणजे अमोनियम कार्बामेट आणि त्याचे सोबती. थोडं उडून आलेलं फॉर्मेटही असतं. अरुंद कंडेन्सर त्याने चक्क बंद होतो. रुंद नळी वापरा आणि अधूनमधून बघत राहा.

आता वायूचा हिशोब. प्रश्न ७ मधलं ३० मिलिमोल फॉर्मेट पूर्ण फुटलं तर ३० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड आणि न वापरलेला २० मिलिमोल हायड्रोजन, म्हणजे खोलीच्या तापमानाला सव्वा लिटरच्या आसपास वायू, अमोनिया वेगळाच. ५० मिलिलिटरच्या बंद फ्लास्कमध्ये हा दाब वीस वातावरणांच्या वर जातो. काच तेवढा दम काढत नाही. बाहेर पडणाऱ्या वायूत हायड्रोजन आहे, तेव्हा फ्यूम हूड चालू आणि जवळ ज्योत नाही. लाइट गेली आणि हूड बंद पडला तर हीटिंग बाजूला करा. हा प्रसंग आपल्याकडे पावसाळ्यात हमखास येतो.

१०. चारकोलवरचं पॅलेडियम आपोआप पेटतं हे खरं का?

खरं. विशेषतः वापरून झालेलं, हायड्रोजन प्यायलेलं आणि गाळणीवर कोरडं पडलेलं. मी शिकत होतो तेव्हा कुणीतरी असा फिल्टर पेपर कचऱ्याच्या डब्यात टाकून जेवायला गेलं. परत आलो तर डबा धुमसत होता.

आयनिक लिक्विडमध्ये बुडालेलं कॅटॅलिस्ट शांत असतं आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. शेवटी ते गाळून मेथॅनॉलने किंवा ईथरने धुतलं की धोका परत आला. नायट्रोजनखाली गाळा, पेपर कोरडा पडू देऊ नका, लगेच पाण्याखाली बरणीत टाका. आणि कॅटॅलिस्ट फ्लास्कमध्ये आधी, सॉल्व्हंट नंतर. मेथॅनॉलच्या वाफेवर कोरडी पूड कधीही टाकायची नाही.

११. पॅलेडियम अ‍ॅसिटेट घातलं, द्रव आधी पिवळा, मग काळा झाला. बिघडलं का?

बहुधा नाही. फॉर्मेटने पॅलेडियमचं क्षपण केलं आणि धातूचे नॅनोकण तयार झाले. काम करणारे तेच. आयनिक लिक्विड त्यांना काही काळ एकमेकांना चिकटू देत नाही. द्रव एकसारखा काळा दिसत असेल तर ठीक. तळाशी काळी रवाळ भुकटी किंवा काचेवर आरसा दिसला तर कण एकत्र येऊन पॅलेडियम ब्लॅक झालं आणि पुढच्या खेपेला वेग पडणार.

यातलं गुंतागुंतीचं प्रकरण असं: इमिडॅझोलियमच्या दोन नंबरच्या कार्बनवरचा हायड्रोजन थोडा आम्लधर्मी आहे. बेस असेल तर तो निघतो आणि तयार झालेलं कार्बीन (मोकळी इलेक्ट्रॉन जोडी असलेला कार्बन) पॅलेडियमला घट्ट धरतं. म्हणजे सॉल्व्हंट नुसता सॉल्व्हंट राहत नाही. तसं घडतंय का हे तपासायचं तर त्या जागी मिथाइल गट असलेलं आयनिक लिक्विड घेऊन तोच प्रयोग करा आणि वेग ताडून पाहा.

१२. कशाचं क्षपण होतं आणि कशाचं नाही?

साधे दुहेरी बंध आणि सिनॅमिक अ‍ॅसिडसारखे जोडबंध सहज जातात. सिनॅमाल्डिहाइडमध्ये दुहेरी बंध जातो, अल्डिहाइड बहुतेक राहतो. नायट्रोचं अमीन होतं. बेंझिल आणि सीबीझेड (बेंझिलऑक्सिकार्बोनिल) हे संरक्षक गट, म्हणजे रेणूचा एखादा भाग तात्पुरता झाकणारे गट, निघतात. पेप्टाइडवाले हीच पद्धत त्यासाठी वापरतात. साधे कीटोन आणि एस्टर राहतात.

आता अपवाद. बेंझिनला लागून असलेला कीटोन आधी अल्कोहोल आणि मग चक्क मिथिलीनपर्यंत जाऊ शकतो, म्हणून वेळेवर थांबवा. अलाइल एस्टरमध्ये तुम्ही दुहेरी बंध कमी करायला जाता आणि एस्टरच तुटतं, कारण पॅलेडियम आणि फॉर्मेट ही जोडी अलाइल गट काढण्यात तरबेज आहे. तिहेरी बंध दुहेरीवर थांबवणं या पद्धतीत कठीण. तिथे लिंडलार कॅटॅलिस्ट (मुद्दाम मंद केलेलं पॅलेडियम) बरं. रेणूत सल्फाइड किंवा थायॉल असेल तर कॅटॅलिस्ट मेलं म्हणून समजा.

१३. क्लोरोनायट्रोबेंझिनमधला क्लोरीनही जातो. कसा वाचवायचा?

आयोडिन सर्वांत आधी जातं, मग ब्रोमिन, मग क्लोरीन, फ्लुओरीन टिकतं. क्लोरीन वाचवायचा तर तापमान कमी, फॉर्मेट मोजूनमापून (नायट्रोला तीन पट लागतं, त्याहून थोडंच जास्त) आणि टीएलसीवर (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीवर) सतत नजर. नायट्रो संपला की तिथेच थांबा. अमीन झाल्यावर क्लोरीनची पाळी येते.

नायट्रोबद्दल आणखी दोन गोष्टी. उष्णता प्रचंड निघते, मोलमागे काहीशे किलोज्यूल. दाट द्रवात ती पटकन बाहेर जात नाही, म्हणून फॉर्मेट एकदम न घालता थोडं थोडं घाला. दुसरं, फॉर्मिक अ‍ॅसिड जास्त आणि तापमानही जास्त असेल तर तयार झालेलं अमीन त्याच्याशी जुळून फॉर्मामाइड होतं. मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंचं वजन दाखवणाऱ्या आलेखात) अमीनपेक्षा २८ ने जड शिखर दिसलं तर गोंधळू नका, ते हेच.

१४. काजूच्या टरफलाच्या तेलावर हे करता येईल का? आमच्या गावात ते टाकाऊ आहे.

वेंगुर्ले, मालवण, राजापूर सगळीकडून हा प्रश्न येतो, आणि प्रश्न चांगला आहे. कच्च्या तेलात मुख्यतः अ‍ॅनाकार्डिक अ‍ॅसिड असतं. बिया भाजताना त्यातला कार्बन डायऑक्साइड जातो आणि कार्डॅनॉल उरतं. कार्डॅनॉल म्हणजे पंधरा कार्बनची शेपटी असलेलं फिनॉल. शेपटीत कुठे शून्य, कुठे एक, दोन, तीन दुहेरी बंध. सरासरी पावणेदोनच्या जवळ. ते सगळे भरले की ३-पेंटाडेसाइलफिनॉल हा एकच पदार्थ मिळतो, ५० अंशांच्या आसपास वितळणारा मेणचट घन. गढूळ तपकिरी तेलातून असा पदार्थ गोठलेला पाहणं हा आनंद आहे.

हिशोब: १० ग्रॅम कार्डॅनॉल म्हणजे सुमारे ३३ मिलिमोल, दुहेरी बंध सुमारे ५७ मिलिमोल. दुप्पट अमोनियम फॉर्मेट म्हणजे साडेसात ग्रॅमपर्यंत. भाजणीचं काळं तेल थेट घालू नका. त्यातला चिकट राळेसारखा भाग कॅटॅलिस्टवर बसतो. व्हॅक्यूममध्ये ऊर्ध्वपातन केलेलंच घ्या. लांब शेपटीमुळे कार्डॅनॉल आयनिक लिक्विडमध्ये नीट मिसळत नाही, तेव्हा ढवळणं जोरात. पॅलेडियम दुहेरी बंध शेपटीवर इकडून तिकडे सरकवतं, म्हणून नुसती टीएलसी फसवते. एनएमआरमध्ये (रेणूतले हायड्रोजन कुठे आहेत ते दाखवणाऱ्या चाचणीत) ५ ते ६ दरम्यानचे, म्हणजे दुहेरी बंधाचे, सिग्नल पूर्ण गेलेत का ते बघा.

हातमोजे घालाच. काजू फोडणाऱ्या बायका हाताला राख लावतात ती उगाच नाही. आणि गावात उद्योग उभा करायचा विचार असेल तर आयनिक लिक्विड विसरा. टनावारी कामाला साधा ऑटोक्लेव्ह आणि हायड्रोजन वायूच स्वस्त पडतो. हा प्रकल्प शिकण्यासाठी आहे.

१५. एकच कॅटॅलिस्ट किती वेळा वापरता येतं?

आकडा रिअ‍ॅक्शनवर ठरतो. मोजायची पद्धत मात्र सांगतो, कारण बहुतेक प्रबंधांत ती चुकलेली असते. दर खेपेला चार तास चालवून ‘९५ टक्के, ९५ टक्के, ९४ टक्के’ असं लिहिण्याने काही सिद्ध होत नाही. पहिली खेप वीस मिनिटांतच संपली असेल, तर अर्धं कॅटॅलिस्ट मेलं तरी आकडा तोच येईल. दर खेपेला पहिल्या दहा मिनिटांत किती झालं ते मोजा. वेग पडला तर तो तिथे दिसतो. खेपांच्या मध्ये उरलेले अमोनियम क्षार धुऊन काढा. पाण्यात न मिसळणारं आयनिक लिक्विड असेल तरच हे सोपं.

१६. प्रॉडक्टमध्ये आयनिक लिक्विड किंवा पॅलेडियम उरलंय हे कसं कळेल?

प्रोटॉन एनएमआरमध्ये ३.९ जवळ नायट्रोजनवरच्या मिथाइलचा टोकदार सिग्नल दिसला तर इमिडॅझोलियम आलंय. हेक्साफ्लुओरोफॉस्फेट असेल तर फॉस्फरस एनएमआरमध्ये उणे १४४ च्या आसपास सात शिखरांचा सुरेख झुपका दिसतो. इथाइल अ‍ॅसिटेटने काढलं असेल तर हे होणारच, त्यात बरीच आयनिक लिक्विड थोडीफार विरघळतात. ईथर, टोल्युइन किंवा हेक्सेन घ्या, किंवा अर्क सिलिकाच्या छोट्या थरातून जाऊ द्या.

पॅलेडियम डोळ्यांना दिसत नाही; ते आयसीपीवर (अत्यल्प धातू मोजणाऱ्या यंत्रावर) मोजावं लागतं. औषधं बनवणाऱ्यांसाठी आयसीएच या औषधांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या क्यू३डी मार्गदर्शिकेत तोंडी औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. इंजेक्शनसाठी तिच्या दशांश.

१७. हे ‘ग्रीन’ आहे असं लिहू का? आणि शेवटी ओतायचं कुठे?

‘वाफ होत नाही’ एवढंच लिहा, ते खरं आहे. इमिडॅझोलियमची मिठं जलचरांना विषारी असतात, साखळी जितकी लांब तितकी जास्त, आणि ती सहज कुजत नाहीत. बेसिनमध्ये ओतलं की ते शोषखड्ड्यात जाणार. आपल्याखालचा जांभा चाळणीसारखा सच्छिद्र, आणि शोषखड्ड्यापासून विहीर किती लांब असते ते तुम्हीच बघा. खाडीवर जाळं टाकणाऱ्या माणसाला तुमचा द्रव कोणत्या रंगाचा म्हणून गाजला होता याच्याशी देणंघेणं नाही. वेगळी बाटली, वर नाव, आणि घातक कचरा म्हणूनच विल्हेवाट. पॅलेडियम लागलेले पेपर आणि सेलाइट (गाळायची पूड) मात्र फेकू नका. पाण्याखाली साठवा, धातू परत काढून देणारे व्यावसायिक ते घेतात.

१८. घरच्या मायक्रोवेव्हमध्ये करू का? निबंधांत मायक्रोवेव्ह वाचलं.

नाही. आयनिक लिक्विड मायक्रोवेव्ह इतकी जोरात शोषतं की काही सेकंदांत तापमान हाताबाहेर जातं. निबंधांतली यंत्रं तापमान आणि दाब मोजत चालतात. भात गरम करायच्या यंत्रात धातू, हायड्रोजन आणि ठिणगी एकत्र आणू नका.

१९. मागच्या बाटलीत रिअ‍ॅक्शन झाली, नव्या बाटलीत होतच नाही. सगळं तेच आहे!

सगळं तेच नाही, बाटली वेगळी आहे. आयनिक लिक्विड बहुतेक वेळा क्लोराइड मिठापासून बनवतात आणि थोडं क्लोराइड मागे राहतं. ते पॅलेडियमला चिकटतं, शिवाय द्रवाचा दाटपणाही लक्षात येण्याइतका वाढवतं. द्रव पाण्याबरोबर हलवा, ते पाणी वेगळं काढून त्यात नायट्रिक अ‍ॅसिडचा थेंब आणि सिल्व्हर नायट्रेट घाला. दुधी झालं तर गुन्हेगार सापडला. पाण्याने पुन्हा पुन्हा धुवा, पांढरं येणं थांबेपर्यंत.

क्लोराइड नसेल तर न जुळलेलं मिथाइलइमिडॅझोल बघा. तेही धातूवर बसून राहतं. तेही नसेल तर दात्याकडे वळा: फॉर्मिक अ‍ॅसिड कधी कधी पाणी आणि कार्बन मोनॉक्साइड असंही फुटतं, आणि मोनॉक्साइड पॅलेडियमची जागा अडवून बसतो. आणि हे सगळं करण्याआधी, मागच्या वेळी कॅटॅलिस्टची बाटली तरी तीच होती का, तेवढं वहीत बघून मगच मला लिहा.